रॅम खाचेत बसली, पण बोर्डानं ओळखली नाही

तालुक्याच्या गावी डीटीपीचं छोटं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. दुकान वडिलांचं. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, उत्तरकार्याची कार्डं हे सगळं काम यांच्याकडे आलं. कॉम्प्युटर वडिलांनीच २०१० मध्ये जुळवून घेतलेला: इंटेलच्या जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर, रॅम आणि इतर भाग जोडणाऱ्या मुख्य चिपचा) बोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, विंडोज ७ आणि १ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम. जुनं कोरलड्रॉ आणि डोंगल (मशीनला जोडायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्यावरच आहे. लग्नसराईत मशीन फार रखडू लागलं म्हणून ताईंनी ४ जीबीच्या दोन रॅम ऑनलाइन मागवल्या आणि स्वतः बसवल्या. स्क्रीन काळी राहिली आणि आतून थांबून थांबून लांब बीप येत राहिला. जुन्या रॅम परत लावल्या की सगळं पूर्ववत चालतं. मेकॅनिक म्हणतो बोर्ड गेला. रॅम विकणारा म्हणतो रॅम चांगलीच आहे. भाऊ म्हणतो भंगारात घाल आणि नवा घे. ताई विचारतात, ‘माझ्या हातून वडिलांचा कॉम्प्युटर बिघडला का? आणि आता पैसे घालायचेच तर कशात घालू?’

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात: जुन्या रॅम परत लावल्या की सगळं पूर्ववत चालतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. दोन्ही खाचांत एकेक जीबी लावल्यावर विंडोज पूर्ण २ जीबी दाखवत असेल, तर दोन्ही खाचा शाबूत आहेत, बोर्ड शाबूत आहे आणि तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही.

त्या बीपला घाबरू नका. बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिल्या सूचना रॅममधून घेतच नाही. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, बोर्डावरच्या ज्या वेगळ्या चिपमध्ये असतो तिच्यातून घेतो. तिथून तो एकेक भाग तपासत जातो आणि वापरता येईल अशी रॅम सापडली नाही की बीप देतो. म्हणजे बीप येण्यासाठी प्रोसेसर, बायोस आणि बोर्डाचा बराचसा भाग चालू असावाच लागतो. मेलेला बोर्ड असा मोजून मापून आवाज करत नाही. थांबून थांबून येणारा लांब बीप म्हणजे बहुतेक बोर्डांवर एकच निरोप असतो: रॅम लावली आहे की नाही ते मला कळत नाही, किंवा लावली आहे ती मला वाचता येत नाही. मेकॅनिकला वाईट ठरवायचं कारण नाही, पण जुनी रॅम लावून मशीन सुरू होताना त्यानं पाहिलं असतं, तर ‘बोर्ड गेला’ हे त्याच्या तोंडून निघालं नसतं.

आणि गंमत अशी की रॅम विकणाराही बहुधा खरंच बोलतो आहे. रॅम चांगली, बोर्डही चांगला, तरी दोघांचं जमत नाही, असं जी४१ वर सर्रास घडतं. यामागचं कारण मी जरा सविस्तर सांगते, कारण ते एकदा कळलं की पुढच्या खरेदीत तुम्हाला कुणी गोंधळवू शकणार नाही.

‘४ जीबी डीडीआर३’ हे नाव एकच असलं तरी ती पट्टी दोन तऱ्हांनी बनते. जुन्या पद्धतीत प्रत्येकी २ गिगाबिटच्या (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) १६ काळ्या चिप्स असतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. नंतर ४ गिगाबिटची चिप निघाली, तेव्हा तेवढीच ४ जीबी आठ चिप्समध्ये मावू लागली आणि त्या सहसा एकाच बाजूला बसवतात. आज नवीकोरी म्हणून मिळणारी ४ जीबीची पट्टी बहुतेक या दुसऱ्या जातीची असते.

चिपच्या आत माहिती ओळी आणि रकान्यांत मांडलेली असते. २ गिगाबिटच्या चिपमधली ओळ सांगायला पत्त्याच्या १५ तारा पुरतात. ४ गिगाबिटच्या चिपमध्ये ओळी दुप्पट, म्हणून सोळावी तार लागते. जी४१ हा चिपसेट २००८ चा. तो २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप्ससाठी बनवलेला आहे, सोळाव्या तारेची सोय त्यात नाही. तुम्ही पावती पुस्तकं छापता, म्हणून तुमच्याच कामातलं उदाहरण देते. फॉर्मवर नंबरासाठी पंधरा चौकोन छापले आहेत आणि ग्राहक सोळा आकडी नंबर घेऊन आला. ग्राहकाचा नंबर चुकीचा नाही, फॉर्मही फाटलेला नाही. चौकोनच पंधरा आहेत. बायोस अपडेट केलं तरी सोळावा चौकोन उगवत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. तुमच्याकडे वीज जात-येत असेल तर मुळीच नको, कारण अपडेट चालू असताना वीज गेली तर तेव्हा मात्र बोर्ड खरोखर जाऊ शकतो.

आता नव्या दोन पट्ट्या हातात घ्या आणि चिप्स मोजा. एकाच बाजूला आठ असतील तर निदान झालं. लेबल असेल तर तेही वाचा. त्यावर क्षमतेच्या शेजारी इंग्रजीत ‘टू आर एक्स एट’ (2Rx8) किंवा ‘वन आर एक्स एट’ (1Rx8) असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ४ जीबीच्या पट्टीवर ‘टू आर एक्स एट’ म्हणजे सोळा चिप्सवाली, तुमच्या बोर्डाला चालणारी. ‘वन आर एक्स एट’ म्हणजे आठ चिप्सवाली, न चालणारी. त्यापुढे पीसी३-१०६०० किंवा पीसी३-१२८०० असं वेगाचं लेबल येतं. त्याची काळजी करू नका. तुमचा बोर्ड रॅम १०६६ च्या वेगानं किंवा त्याहून हळूच चालवणार आहे, आणि वेगवान रॅम सहसा निमूटपणे हळू चालते. मात्र त्या आकड्यांनंतरचं अक्षर बघा. ‘यू’ असेल तर साध्या डेस्कटॉपची. ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची, तुमच्या उपयोगाची नाही.

चिप्स सोळा असूनही बीप येत असेल तर आणखी एक शक्यता आहे, आणि तिचा मला मनापासून राग येतो. ऑनलाइन बाजारात डीडीआर३ ची अशी पट्टी स्वस्तात मिळते, जी फक्त एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डांवर चालते. तिच्यावर ‘वन आर एक्स फोर’ रचनेच्या चिप्स असतात. ही रचना मुळात सर्व्हरच्या पट्ट्यांवर असते आणि साधे इंटेल बोर्ड ती ओळखत नाहीत. माहितीच्या पानावर कुठेतरी तळाशी ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. तुम्ही मागवलेल्या वस्तूचं पान परत उघडा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. दोन्हींपैकी कुठलंही कारण निघालं तरी परत करण्याची मुदत संपण्याआधी रॅम परत करा, आणि कारण म्हणून ‘खराब माल’ न लिहिता ‘माझ्या बोर्डाशी जुळत नाही’ असं खरं तेच लिहा. एएमडीचा उल्लेख पानावर नसताना तशी रॅम पाठवली असेल आणि परत घ्यायला टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

इथवर मी तुम्ही विचारलेलं सांगितलं. आता न विचारलेलं एक विचारते: तुम्हाला ८ जीबी हवी कशाला?

तुमच्या वर्णनावरून विंडोज ७ ही ३२ बिटची असण्याची दाट शक्यता आहे. त्या काळी २ जीबीच्या मशीनवर तीच टाकायची पद्धत होती. ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘सिस्टीम टाइप’समोर लिहिलेलं दिसेल. ३२ बिटला एकूण पत्तेच ४,२९,४९,६७,२९६ देता येतात, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि बोर्डावरच्या इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून हातात साधारण सव्वातीन जीबी उरते. म्हणजे तुमच्या दोन्ही रॅम पहिल्याच फटक्यात चालल्या असत्या, तरी ८ जीबीतली निम्म्याहून जास्त पडून राहिली असती आणि तुम्ही ‘रॅम घातली तरी फरक नाही’ असं दुसरं पत्र लिहिलं असतं.

यावर कुणीतरी सांगेल, ६४ बिट विंडोज टाका. तुमच्या बाबतीत मी तसं सांगणार नाही. ६४ बिटवर डोंगलला त्याचा स्वतःचा ६४ बिट ड्रायव्हर लागतो, आणि इतक्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी तो कंपनीनं दिलेला असेलच असं नाही. फार जुन्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो, तो ६४ बिट विंडोजवर उघडतच नाही. वडिलांच्या वेळची सीडी हाताशी असली तरी उपयोग नाही. ऐन सीझनमध्ये फॉन्ट उघडेनासे झाले तर रखडणारा कॉम्प्युटर परवडला असं म्हणायची पाळी येईल. शिवाय तुमचं कोरलड्रॉ स्वतः ३२ बिटचं आहे आणि अशा प्रोग्रामला विंडोज सहसा २ जीबीच जागा देते. म्हणजे या कामाला, या मशीनवर, ४ जीबी पुरते. त्यासाठी २ जीबीच्या दोन पट्ट्या लागतात. २ जीबीच्या पट्टीत सोळाव्या तारेचं दुखणं नाही, कारण त्यावर २ गिगाबिटच्या आठ चिप्स असतात किंवा १ गिगाबिटच्या सोळा, आणि तुमच्या बोर्डाला दोन्ही चालतात. फक्त एएमडीसाठीची पट्टी इथेही टाळायचीच. जुने बोर्ड मोडीत निघाल्यावर काढलेल्या २ जीबीच्या पट्ट्या बाजारात आजही मिळतात. मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याला तपकीर गल्लीच्या बाजूला कुणी जाणार असेल तर त्यांच्याकडे बोर्डाचा मॉडेल नंबर लिहून द्या. त्याहून चांगलं म्हणजे जवळच्या शहरातल्या दुकानात कॅबिनेटच घेऊन जा आणि समोर लावून, चालू करून मगच पैसे द्या. जुन्या रॅमला याच्याइतकी चांगली वॉरंटी नाही.

पण तेही घेण्याआधी एक दिवस नुसतं बघा. रखडतं म्हणजे नेमकं केव्हा रखडतं? गर्दीच्या दिवशी कोरल, फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर सगळं उघडं असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा पहा. तो २ जीबीच्या टोकाला टेकला असेल आणि एका खिडकीतून दुसरीत जाताना कॅबिनेटवरचा लाल दिवा सतत लुकलुकत असेल, तर रॅम अपुरी आहे. पण सकाळी मशीन सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं लागत असतील, साधं फोल्डर उघडायला वेळ लागत असेल आणि मेमरी निम्मीच वापरात असेल, तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. त्यावर कितीही रॅम घातली तरी फरक पडणार नाही. माझा अंदाज, तुमच्याकडे दोन्ही थोडं थोडं आहे.

हार्ड डिस्कबद्दल मला खरी काळजी वाटते. बोर्ड, प्रोसेसर, रॅम यांत फिरणारं काही नाही. फिरते ती डिस्क आणि पंखे. २०१० पासून रोज फिरणाऱ्या डिस्कवर तुमचं दुकान उभं आहे, आणि वडिलांनी वर्षानुवर्षं केलेली सगळी डिझाइन्स तिच्यावर आहेत. रॅम जाऊ दे, आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी ती डिझाइन्स आणि फॉन्टचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि दुसरी प्रत भावाच्या घरी ठेवा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवून डिस्कची तब्येत बघा. निळ्याऐवजी पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर थांबू नका.

म्हणून पैसे कुठे घालायचे याचं माझं उत्तर: आधी एक लहान एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क), मग २ जीबीच्या दोन रॅम. या बोर्डाच्या साटा पोर्टचा, म्हणजे डिस्क जोडायच्या जागेचा, वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आतच राहतो, म्हणून एसएसडीच्या जाहिरातीतला पूर्ण वेग तुम्हाला मिळणार नाही. पण फिरत्या डिस्कचा काटा इकडून तिकडे जायला जो वेळ लागतो तो वाचतो, आणि जुन्या मशीनवर जाणवतो तो फरक हाच. विंडोज नव्यानं टाकू नका. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर करून घ्या, म्हणजे कोरल, फॉन्ट, डोंगल सगळं जागच्या जागी राहील. प्रत नीट चालते हे आठवडाभर पाहीपर्यंत जुनी डिस्क पुसू नका. नंतरही मी असते तर पुसली नसती. कापडात गुंडाळून कपाटात ठेवली असती.

रॅम पुन्हा बसवताना पद्धत एवढीच. कॉम्प्युटर बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा. बंद मशीनमध्येही प्लग लावलेला असेल तर बोर्डावर थोडा वीजपुरवठा चालू राहतो. प्लग काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला प्रवाह निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि पट्टी कडेनं धरा. सोनेरी टोकं खोडरबरानं हलकेच पुसा आणि रबराचा चुरा ब्रशनं झाडून टाका, खाचेत पडू देऊ नका. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४०च पिना असतात, फक्त मधली खोबण वेगळ्या जागी असते. त्यामुळे पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, उलटी फिरवून पहा, आणि तरी नाही बसली तर ती त्या खाचेची नाही. बरोबर असेल तर दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, दोन्ही बाजूंच्या कड्या स्वतःहून खट् करून मिटल्या पाहिजेत. एकच कडी मिटली असेल तर पट्टी तिरकी आहे. असं अर्धवट बसणं हे बीपचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण आहे. मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ रॅम बदलत बसले होते आणि शेवटी कडी मिटलेली नव्हती.

आधी एकच पट्टी एका खाचेत, मग तीच दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी तशीच. चारही वेळा चालली तरच दोन्ही एकत्र लावा. एकेकटी चालते आणि जोडीनं चालत नाही असं झालं तर बायोसच्या सेटिंग पुसून पहा: प्लग काढलेला असताना बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवायचा. इतक्या जुन्या बोर्डावर तो सेल बदललाच तर उत्तम. सुरू करताना तारीख मागे गेलेली दिसत असेल तर तो संपलेलाच आहे. सगळं सुरू झालं की रात्री दुकान बंद करताना मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून लावून सोडा. सकाळी एकही चूक दिसत नसेल तर रॅम ठेवा. एक जरी लाल ओळ दिसली तरी परत करा. ‘एवढी चालते’ म्हणू नका, कारण तीच एक चूक पुढे पत्रिकेची फाइल सेव्ह करताना भोवते.

हाच प्रश्न दुसऱ्या बोर्डावर असलेल्यांसाठी थोडं लिहिते. काही जी४१ बोर्डांवर डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींच्या खाचा असतात. दोन्हींत एकदम रॅम लावायची नसते, कुठल्या तरी एकीचीच निवड करायची. २०११ पासूनच्या एच६१ सारख्या बोर्डांवर रॅम सांभाळणारा भाग चिपसेटमधून प्रोसेसरमध्ये गेला. तिथे ८ जीबीच्या दोन पट्ट्याही चालतात आणि सोळाव्या तारेची अडचण नाही. पण एक खाच अचानक दिसेनाशी झाली तर रॅमपेक्षा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा वाजवीपेक्षा घट्ट पिळलेला कूलर आधी तपासावा. आणि ६४ बिट विंडोज असूनही ‘८ जीबी पैकी ४ वापरण्याजोगी’ असं दिसत असेल तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’वर खूण राहिली आहे का पहा. कुणीतरी वेग वाढवायचा म्हणून ती केलेली असते. ती काढा, रीस्टार्ट करा. तरीही तसंच असेल तर बायोसमध्ये मेमरी रीमॅपचं सेटिंग शोधून चालू करा.

भावाचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि ग्राहकांचे ईमेल उघडणं धोक्याचं आहे. तेव्हा हा कॉम्प्युटर डिझाइनसाठी ठेवा, त्याचं इंटरनेट काढून टाका, आणि हप्त्यानं का होईना एखादा साधा नवा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप बाहेरच्या कामांसाठी घ्या. फाइल पेन ड्राइव्हनं न्यायच्या. नवीन कामं हळूहळू युनिकोड फॉन्टमध्ये (ज्यांना डोंगल लागत नाही) नव्या मशीनवर करायला लागा, म्हणजे डोंगल ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी दुकान बंद पडणार नाही. नवा घेण्यात भावाची चूक नाही, जुना भंगारात घालण्यात आहे. हे दोन निर्णय वेगळे आहेत, आणि भावाशी बोलताना ते वेगळेच मांडा.

तुम्ही विचारलं होतंत की स्वतः झाकण उघडलं ही चूक झाली का. नाही. तुम्ही मागवण्याआधी चिप्स मोजल्या नाहीत, कारण त्या मोजायच्या असतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी झाकण परत लावण्याआधी प्रोसेसरवरचा पंखा मोकळा फिरतो आहे ना तेवढं पहा, आतली वायर नेमकी तिथेच अडकते.